माळ, मृतमांस आणि देवराई : भोर-वेल्हे परिसरातील अन्नत्यागाचा विचार

१. विषयाची व्याप्ती

अन्नाचा इतिहास लिहिताना माणसाने काय पिकविले, काय शिजविले आणि काय खाल्ले याचाच विचार बहुधा केला जातो. त्याने जाणूनबुजून काय सोडले, याकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. याचे कारण उघड आहे. खाल्लेल्या धान्याची नोंद वसुलाच्या हिशेबात, बाजाराच्या भावात व कोठीच्या वहीत सापडते. न खाल्लेल्या घासाची नोंद कोणी ठेवीत नाही. तथापि, समाजाच्या नीतिकल्पना कशा बदलत गेल्या हे पाहावयाचे असेल, तर हा न खाल्लेला घासच अधिक बोलका साक्षीदार ठरतो.

येथे आरंभीच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. दुष्काळाने, दारिद्र्याने किंवा बंदीने जे ताटात येत नाही, तो अभाव होय, त्याग नव्हे. त्यागाला दोन गोष्टी लागतात : सोडावयाची वस्तू मिळण्याजोगी असली पाहिजे, आणि ती आवडतीही असली पाहिजे. नावडत्या भाजीचा त्याग करणाऱ्याची आपल्याकडे थट्टाच होते. या दृष्टीने पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील भोर व वेल्हे हा डोंगरी मुलूख अभ्यासास फार उपयुक्त आहे. अन्नत्यागाच्या एकमेकांहून अगदी भिन्न अशा परंपरा या टापूत आणि त्याला घाटवाटांनी जोडलेल्या महाड भागात शेजारी शेजारी नांदत आल्या. त्यांचे हेतू निरनिराळे, त्यांची किंमत मोजणारी माणसे निरनिराळी आणि त्यांचे परिणामही निरनिराळे.

हा मुलूख म्हणजे राजगड, तोरणा, रोहिडा आणि रायरेश्वर यांच्या अंगाखांद्यावरील खोरी. नीरा, वेळवंडी, गुंजवणी व कानंदी या नद्यांचे उगम येथेच. राजाराम महाराजांच्या काळातील सचिव शंकराजी नारायण यांच्या घराण्याकडे चालत आलेले भोर संस्थान १९४८ साली विलीन होईपर्यंत यातील बराचसा प्रदेश विचित्रगड, राजगड व प्रचंडगड या संस्थानी तालुक्यांत मोडत होता. रोहिडा आणि तोरणा या किल्ल्यांचीच ही दुसरी नावे होत. पाऊस अतोनात, सपाट जमीन थोडी. खाचरांत भात, उतारावर नाचणी व वरई. अशा ठिकाणी जिभेला चव आणणारे जे काही असे, ते मुख्यतः रानातून, ओढ्यातून आणि गोठ्यातून येई : पहिल्या पावसात धारेच्या उलट चढणारे मासे, खेकडे, रानडुकराची किंवा सशाची शिकार, जत्रेचे बोकड, कोकणातून घाटवाटांनी येणारे सुके बोंबील आणि सुकट. या भागात मांसमासळी हा नित्याचा आहार कधीच नव्हता. तो सणाचा व भाग्याचा घास होता. म्हणूनच तो सोडणे ही साधी गोष्ट नव्हती.

२. व्रतातील त्याग

अन्नत्यागाचा सर्वांत जुना व सर्वत्र आढळणारा प्रकार व्रताचा होय. यादवांच्या पदरी असलेल्या हेमाद्रीने तेराव्या शतकात ‘चतुर्वर्गचिंतामणी’ या ग्रंथाच्या व्रतखंडात व्रतांचा प्रचंड संग्रह केला. पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी ‘धर्मसिंधू’ रचला आणि तो महाराष्ट्रातील घराघरांच्या आचाराचा आधार बनला. चातुर्मासात श्रावणी भाजी, भाद्रपदी दही, आश्विनी दूध आणि कार्तिकी द्विदल धान्य वर्ज्य करावे, ही व्यवस्था अशा ग्रंथांतून रूढ झाली. काशीयात्रा केल्यावर एखादे आवडते फळ किंवा भाजी जन्मभर सोडून यावी, ही चालही याच वर्गातील आहे.

या त्यागाचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. व्रतग्रंथांत त्याचे फळही सांगितलेले असते : गूळ सोडणाऱ्यास मधुर स्वर लाभतो, तेल सोडणाऱ्यास देहाची कांती लाभते. म्हणजे त्यागाचा लाभ त्याग करणाऱ्यासच मिळावयाचा. सोडलेल्या वस्तूचे, ती पुरविणाऱ्या प्राण्याचे किंवा रानाचे काय होते, हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही.

अलीकडे श्रावणातील मत्स्यवर्ज्यतेचे समर्थन वेगळ्या रीतीने केले जाते. पावसाळा हा माशांच्या विणीचा काळ असल्याने पूर्वजांनी ही योजना केली, असे सांगण्यात येते. यातील निसर्गविषयक भाग खरा आहे. गोड्या पाण्यातील पुष्कळ मासे पुराच्या पाण्यात अंडी घालतात, यात संशय नाही. परंतु त्यावरून पूर्वजांच्या हेतूचे अनुमान काढणे सावधपणाचे होणार नाही. व्रतग्रंथ हे कारण देत नाहीत. शिवाय डोंगरी भागातील मासे धारेवर चढतात ते ज्येष्ठ-आषाढात, श्रावणापूर्वीच. आणि किनाऱ्यावरील कोळी ज्या नारळी पौर्णिमेला समुद्रात होड्या लोटतात ती श्रावणाच्या मध्यावर येते. परिणाम आणि हेतू यांची अशी गल्लत केल्याने इतिहासाचेही नुकसान होते आणि निसर्गरक्षणाचेही. कारण विणीचा खरा काळ कोणता, हे पाहण्याची गरजच मग कोणास वाटत नाही.

३. माळेचा त्याग

दुसरा प्रकार वारकरी संप्रदायाचा. गळ्यात तुळशीची माळ घालणारा मनुष्य मद्यमांस सोडतो, एकादशी पाळतो आणि पंढरीची वारी पत्करतो. व्रताचा त्याग चार महिन्यांचा असतो, माळेचा जन्माचा. व्रताच्या मागे फलश्रुती असते, माळेच्या मागे भूतदया. सर्व जीवांच्या ठायी एकच ईश्वर पाहावा, ही भागवतधर्माची शिकवण शेतकऱ्याच्या ताटापर्यंत जाऊन पोचली ती या माळेच्या द्वारे.

तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ साली पालखीची प्रथा सुरू केली आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतरावबाबा आरफळकरांनी ज्ञानेश्वरांच्या पालखी सोहळ्याला आजचे शिस्तबद्ध रूप दिले. भोरच्या डोंगरात उगम पावलेल्या नीरेच्या पात्रात ज्ञानेश्वरांच्या पादुकांना स्नान घालून हा सोहळा सातारा जिल्ह्यात प्रवेश करतो.

मात्र माळेचा त्याग घरात शिरताच एक पेच उभा राहतो. या भागातील कुळांच्या देवता बहुधा काळूबाई, वाघजाई, शिरकाई अशा रानातल्या आणि घाटमाथ्यावरच्या. पुष्कळ ठिकाणी त्यांना खारा नैवेद्य लागतो. कर्त्या पुरुषाने माळ घातली म्हणून देवीचा मान कसा चुकवावयाचा? यातून निघालेल्या वाटा उद्बोधक आहेत. कोठे माळकऱ्याने बाजूस राहावे व मान भाऊबंदांनी द्यावा असे ठरले. कोठे बोकडाच्या जागी कोहळा किंवा नारळ आला. कोठे पुरणपोळीचा गोडा नैवेद्य रूढ झाला. घरातही माळकऱ्याचे भांडे निराळे, आणि खारे शिजविण्याची चूल अंगणात, अशी तडजोड होई. एका छपराखाली दोन नीतिकल्पना भांडण न करता राहू शकल्या, हे या तडजोडीचे मोल होय. तिचा भार मात्र बहुतेक वेळी चुलीपाशी बसणाऱ्या स्त्रीवर पडला. दोन चुली पेटविण्याचे काम तिचेच होते.

गाडगेमहाराजांनी (१८७६–१९५६) हाच विचार घराबाहेर जत्रेच्या मैदानात नेला. देवापुढील पशुहत्येवर त्यांनी आपल्या कीर्तनांतून सरळ प्रहार केले. त्यांचा भर मन वळविण्यावर होता. भोरच्या सीमेलगत वाई तालुक्यात असलेल्या मांढरदेवीच्या काळूबाईच्या बाबतीत बदल निराळ्या मार्गाने आला. २५ जानेवारी २००५ रोजी पौष पौर्णिमेच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन सुमारे तीनशे भाविक मृत्यू पावले. त्यानंतर मंदिराच्या परिसरात पशुबळीस बंदी आली. माळेने जे एकेका माणसाच्या अंतःकरणातून घडविले, ते येथे दुर्घटनेने आणि आज्ञेने घडले. दोहोंचे दृश्य फळ एकच असले तरी पहिला त्याग होय, दुसरे नियमन होय. नियमन आवश्यक असू शकते. पण त्याला त्यागाचे श्रेय देता येत नाही.

माळेलाही मर्यादा होत्या. इरावती कर्वे यांनी ‘परिपूर्ती’तील ‘वाटचाल’ या लेखात पालखीबरोबरच्या प्रवासाचे जे वर्णन केले आहे, त्यात एकाच दिंडीतील ब्राह्मण व मराठे यांच्या पंगती वेगळ्या बसत असल्याचे दुःख व्यक्त झाले आहे. सर्वांनी एकच अन्न सोडले, तरी सर्वांनी एकत्र बसून अन्न घेतले असे नाही. अन्नाची शुद्धता आणि माणसांची समता या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून ध्यानात येते.

४. महाडचा त्याग

तिसरा प्रकार या दोहोंहून सर्वस्वी निराळा आहे. भोरहून वरंधा घाट उतरला की महाड येते. तेथे १९ व २० मार्च १९२७ रोजी भरलेल्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेचे स्मरण चवदार तळ्याच्या पाण्यासाठी केले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या बांधवांना मृत जनावरांचे मांस आणि उष्टे-शिळे अन्न सोडण्याचाही उपदेश केला होता. पाणी घेण्याचा हक्क आणि मांस सोडण्याचा निश्चय ही एकाच विचाराची दोन अंगे होती.

या त्यागाचे मोल समजण्यासाठी गावगाड्याची रचना ध्यानी घेतली पाहिजे. गावात मेलेले जनावर ओढून नेणे हे महारांच्या वतनी कामांपैकी एक होते, आणि त्याच्या मांसावर त्यांचा हक्क मानला जाई. भाकरी मागण्याचा हक्क, बलुत्याचे धान्य आणि हे मांस मिळून त्यांचे पोट भरत असे. उरलेल्या मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून केलेल्या चान्या पावसाळ्याची बेगमी म्हणून साठवीत. दलित आत्मकथनांतून हे जीवन पुढे ग्रंथबद्ध झाले. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा हे अन्न नुसते दैन्याचे नव्हते. त्याला चव होती, ते शिजविण्याचे कौशल्य होते, आणि पिढ्यांच्या सवयीने ते आपलेसे झालेले होते. ते सोडणे म्हणजे उपासमारीच्या काठावर उभे राहून हाती असलेला घास टाकणे होते.

माळकऱ्याने मांस सोडले तेव्हा त्याची गावातील प्रतिष्ठा वाढली. महारांनी मृतमांस सोडले तेव्हा कित्येक गावांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. कारण मांस नाकारणे याचा अर्थ जनावर ओढण्याचे काम नाकारणे, आणि ते काम नाकारणे याचा अर्थ गावाने नेमून दिलेली पायरी नाकारणे असा होता. येथे दया प्राण्यावर नव्हती, कारण प्राणी तर मेलेलाच होता. येथे प्रश्न होता खाणाऱ्याच्या मनुष्यपणाचा. म्हणूनच या त्यागाला मांसाहार आणि शाकाहार या सोयीच्या चौकटीत बसविता येत नाही. आंबेडकरांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या अस्पृश्यतेच्या उगमाविषयीच्या ग्रंथात गोमांसभक्षण आणि अस्पृश्यता यांचा संबंध मांडला. त्या प्रतिपादनाविषयी विद्वानांत मतभेद असले, तरी अन्नावरून माणसाची पायरी ठरविली जाते हा त्यातील मूळ मुद्दा महाडच्या उपदेशातही स्पष्ट होता. वतनी कामांची ही व्यवस्था कायद्याने संपुष्टात आली ती १९५८ च्या कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणाऱ्या अधिनियमाने. परंतु अनेक घरांत ती त्याआधीच, चुलीवरच्या भांड्यातून, संपली होती.

५. देवराई आणि कोंड

चौथा प्रकार विशिष्ट स्थळाशी बांधलेला आहे. भोर-वेल्ह्याच्या डोंगरात ठिकठिकाणी देवराया आहेत. कोठे चारदोन वृक्ष, कोठे काही एकरांचे दाट अरण्य. दा. ध. कोसंबी यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात पुणे भागातील मातृदेवतांच्या स्थानांची चर्चा केली. महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० नंतरच्या दशकात सह्याद्रीतील देवरायांचा पद्धतशीर शोध घेतला. या शोधातून असे दिसून आले, की पुष्कळ देवरायांत वाळके लाकूडही उचलावयाचे नाही असा दंडक होता. आजूबाजूचे रान उजाड झाले तेव्हा काही दुर्मिळ झाडे आणि वेली फक्त येथेच उरल्या.

या दंडकात अन्नाचाही समावेश होतो, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. जेथे काडी उचलावयाची नाही, तेथील जांभूळ, आंबा, मध आणि शिकार यांवरही माणसाचा हक्क उरत नाही. घाटाखाली महाड तालुक्यात काळ नदीच्या पात्रातील वाळणकोंड याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. तेथील डोहात मोठमोठे महशीर मासे निर्भयपणे वावरतात. भाविक त्यांना खाद्य घालतात, पण त्यांना पकडीत नाहीत. याच नदीत डोहाच्या वर किंवा खाली मासेमारी करण्यास मात्र हरकत नाही.

येथे त्यागाचे एक नवे तत्त्व दिसते. माळकरी सर्व ठिकाणी सर्व मांस सोडतो. देवराई मानणारा सर्वांच्या संमतीने एका ठिकाणचे सर्व काही सोडतो. तो मांसाहारी असतो, शिकारही करतो. परंतु रानाचा आणि नदीचा एक भाग त्याने भुकेच्या हिशेबाबाहेर ठेवलेला असतो. मासळीचे बीज, वृक्षांचे बीज आणि झऱ्यांचे पाणी टिकून राहण्यास हा स्थलत्याग किती उपकारक झाला, हे शास्त्रज्ञांनी दाखविले आहे. देवीच्या कोपाची भीती हा त्याचा पाया होता, हे नाकारण्याचे कारण नाही; पण संपूर्ण गावाने पिढ्यान् पिढ्या पाळलेला तो करार होता, हेही तितकेच खरे.

हा करार पुढे दोन बाजूंनी ढासळला. पहिली बाजू अर्थकारणाची. वेल्हे तालुक्यातील पानशेत धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले याची आठवण पुणे शहर विसरलेले नाही. परंतु धरणाबरोबर खोऱ्यात रस्ते आले आणि शहराच्या कोळशाच्या बाजारासाठी डोंगरउतार बोडके झाले, हे शहराच्या ध्यानात फारसे राहिले नाही. गाडगीळांनी या तोडीकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. दुसरी बाजू अधिक सूक्ष्म आहे. रानातल्या देवीचे पुराणातल्या देवीत रूपांतर होऊ लागले, खाऱ्या नैवेद्याच्या जागी गोडा आला, उघड्यावरच्या तांदळ्यावर पक्के मंदिर उठले. आणि कित्येक ठिकाणी त्या मंदिराच्या बांधकामासाठी देवराईतील झाडेच विकली गेली. बोकड वाचले, पण राई गेली. प्राणिदयेचा विस्तार आणि अरण्याचे रक्षण या गोष्टी आपोआप हातात हात घालून जातात असे मानणाऱ्यांस या घटनेने विचारात पाडावे. उग्र देवतेचे भय गेले, आणि त्या जागी रानाविषयीची दुसरी कोणतीही बांधीलकी उभी राहिली नाही.

६. उपसंहार

विवेकासाठी आवडते अन्न सोडण्याची उदाहरणे जगात अन्यत्रही आहेत. गुलामांच्या श्रमांतून आलेली वेस्ट इंडीजची साखर वर्ज्य करावी असे आवाहन विल्यम फॉक्स याने १७९१ मध्ये इंग्लंडात केले आणि असंख्य कुटुंबांनी गोड चहा सोडला. १९०५ नंतरच्या स्वदेशीच्या चळवळीत महाराष्ट्रातील अनेक घरांतून परदेशी साखर हद्दपार झाली. गायीम्हशींवरील क्रूर प्रयोगांची माहिती कळल्यावर गांधीजींनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत दूध सोडले. आज या हेतूंत एकाची भर पडली आहे. माणसाच्या कृतींतून वातावरणात जाणाऱ्या उष्णताधारक वायूंपैकी सुमारे १४.५ टक्के वायू पशुपालनाच्या व्यवसायातून येतात, असा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ साली प्रसिद्ध केला. त्यामुळे ताटातील घासाचा संबंध आता गावच्या रानाशीच नव्हे, तर पृथ्वीच्या हवामानाशी जोडला गेला आहे.

या नव्या प्रश्नाकडे पाहताना भोर-वेल्ह्याच्या जुन्या अनुभवातून काही गोष्टी हाती लागतात. व्रताचा त्याग आत्मसंयम शिकवितो, पण त्याची दृष्टी स्वतःपलीकडे जात नाही. माळेचा त्याग दुसऱ्या जीवापर्यंत पोचतो, पण पंक्तिभेद मोडण्यास तो एकटा पुरा पडला नाही. महाडचा त्याग माणसाला ताठ उभे करतो. त्याची किंमत मात्र समाजातील सर्वांत रिकाम्या पोटाने मोजली. देवराईचा त्याग निसर्गाला खराखुरा उपयोगी पडला. परंतु तो भयावर उभा असल्याने भय ओसरताच खचला.

तेव्हा कोणत्याही अन्नत्यागाचा विचार करताना तीन प्रश्न विचारले पाहिजेत : तो कोणासाठी केला, तो कोणी ठरविला, आणि त्याची झीज कोणी सोसली. ज्याच्या ताटात दहा पदार्थ आहेत त्याने एक सोडणे आणि ज्याच्या ताटात एकच आहे त्याने तो सोडणे, यांना एका मापाने मोजता येत नाही. डोंगरातील ओढ्याचा खेकडा पकडून भाकरीबरोबर खाणाऱ्या कातकऱ्याला त्यागाचा उपदेश करण्यापूर्वी, त्या ओढ्याचे पाणी ज्या धरणांतून शहरात जाते त्या शहराने आपण काय सोडले याचा हिशेब द्यावा, हे न्यायाचे होईल.

वरंधा घाटाच्या माथ्यावर वाघजाईचे ठाणे आहे. एका अंगाने माळकऱ्यांची नीरा पूर्वेस पंढरीच्या वाटेने वाहते. दुसऱ्या अंगाने वाट महाडला उतरते. या एका माथ्याभोवतीच्या टापूत माणसांनी देवासाठी, जीवासाठी, मानासाठी आणि रानासाठी आवडता घास बाजूला ठेवला. त्या चारही त्यागांची स्मृती एकत्र ठेवणे, आणि त्यांतील एकाच्या गौरवासाठी दुसऱ्याला पुसून न टाकणे, हे अन्नाच्या इतिहासकाराचे कर्तव्य होय.